एक ग्रॅमची गोष्ट

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. मधले हशे आणि टोमणे गाळून इथे दिले आहे.)



सर आणि बाई, या वयात तुम्ही दोन मजले चढून आमच्यासाठी इथपर्यंत आलात. दहावीत आम्ही हेच दोन मजले चढायला रोज पाच मिनिटं उशीर करत होतो, हे आज जाहीरपणे कबूल करतो.

संयोजकांचा फोन आला, की प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल थोडं बोलायचं आहे. माझ्या आधी आपला डॉक्टर मित्र हृदयावर बोलला. आपली मैत्रीण न्यायालयातल्या अनुभवांवर बोलली. आता मी. मला गेली तीस वर्षं नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, "तू ते प्लास्टिकचं काहीतरी करतोस ना? बादल्या का?" माझी आत्या तर शेवटपर्यंत मला घरी येताना दोन मग घेऊन ये म्हणायची. मी बाजारातून विकत घेऊन जायचो. तिचा विरस कशाला करा?

तर आज एकदाच सांगून टाकतो. मी बादल्या करत नाही. तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर एक छोटी पांढरी वस्तू ठेवली आहे, ती हातात घ्या. हा माझा धंदा. वजन एका ग्रॅमच्या आसपास, किंमत रुपयाच्या आत. हिला क्लिप म्हणतात. तुमच्या गाडीच्या दाराला आतून जो प्लास्टिकचा पत्रा असतो, तो अशा आठ-दहा क्लिपांनी दाराला धरलेला असतो. त्या जागी स्क्रू नाही, नट नाही, खळ नाही. कामगार पत्रा जागेवर धरतो, तळहाताने दाबतो, ‘टक्’ असा आवाज येतो आणि काम संपतं. तो ‘टक्’ मी विकतो.

आता जरा आजूबाजूला पाहा. पाठीवरच्या सॅकचं बक्कल, टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण, पेनाचं टोपण, नातवाच्या डब्याचं झाकण. सगळीकडे तोच ‘टक्’ आहे. वायरी बांधायची जी दातेरी पट्टी मिळते, केबल टाय, तीही याच घराण्यातली. ती १९५८ मध्ये अमेरिकेत थॉमस अँड बेट्स कंपनीतल्या मॉरस लोगन यांनी काढली. तोपर्यंत विमानातल्या हजारो वायरींचे जुडगे मेण लावलेल्या दोऱ्याने गाठी मारून बांधत. बांधणाऱ्यांच्या बोटांना दोरा काचायचा. ते पाहून लोगन यांना ही कल्पना सुचली. आज ती पट्टी आपल्याकडे मांडवाच्या झालरीपासून उसाच्या ट्रॉलीच्या नंबरप्लेटपर्यंत सगळीकडे आहे.

हे काम मी शिकलो कुठे? साताऱ्याला आयटीआय केलं, मग १९९० मध्ये भोसरीला एका टूलरूममध्ये फिटर म्हणून लागलो. पण खरं सांगायचं तर पहिला धडा याच इमारतीत झाला, आणि त्याची शिक्षाही इथेच भोगली. आठवतंय का, तास चालू असताना बाकाच्या कडेवर फूटपट्टी दाबून धरायची आणि बाहेर आलेलं टोक ओढून सोडायचं? टर्रर्र! पट्टी जास्त बाहेर काढली की आवाज जाड आणि पट्टी सहज वाकते. कमी बाहेर काढली की आवाज बारीक आणि पट्टी ताठ. मी त्यावर बऱ्यापैकी संशोधन केलं होतं आणि भूमितीच्या सरांनी मला त्याबद्दल आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं.

सर, त्या पट्टीचा बाकाबाहेरचा भाग म्हणजेच माझी क्लिप. एका बाजूने घट्ट धरलेली पट्टी आणि टोकाला एक छोटा आकडा. भोकातून आत जाताना पट्टी वाकते, आकडा पलीकडे गेला की पट्टी सरळ होते आणि आकडा अडकतो. संपूर्ण शास्त्र एवढंच. पण या एवढ्याशा शास्त्राने मला एकदा रस्त्यावर आणायची वेळ आणली होती. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

त्याआधी ही वस्तू बनते कशी ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घरातला मोदकाचा साचा डोळ्यांसमोर आणा. दोन भाग, मिटवायचे, आत उकड भरायची, उघडलं की मोदक. आमची डाय अशीच, फक्त पोलादाची. मोदकावर दोन भागांच्या सांध्याची जशी बारीक रेघ उमटते, तशी प्लास्टिकच्या प्रत्येक वस्तूवर असते. तुमच्या हातातल्या क्लिपवर नख फिरवा, लागेल. प्लास्टिकचे दाणे तापलेल्या नळीत वितळतात, मशीन ते जोराने साच्यात दाबतं, आत पाण्याने थंड राखलेलं पोलाद असतं, काही सेकंदांत माल घट्ट होतो, साचा उघडतो आणि मागच्या पिना वस्तूला ढकलून बाहेर काढतात. ही क्लिप नायलॉन ६६ ची आहे. ते साधारण २६० अंशांना वितळतं.

साचा करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, उतार. कुल्फीचा साचा निमुळता का असतो? सरळ असता तर कुल्फी सुटली नसती. तसा आम्हीही प्रत्येक उभ्या भिंतीला अर्धा-एक अंश उतार देतो. दुसरी, आटणं. नवीन सुती कापड धुतल्यावर आटतं, तसं प्लास्टिक थंड होताना आटतं. नायलॉन शेकडा एक ते दोन टक्के आटतं, म्हणून साचा तेवढा मोठा करायचा. तिसरी गोष्ट सगळ्यांत गमतीची. क्लिपला आकडा आहे, आणि आकडा साच्यात अडकतो. मोदकाला बाजूने शिंग असतं तर तो साच्यातून निघाला असता का? मग साच्यात बाजूला सरकणारा तुकडा बसवावा लागतो आणि साच्याची किंमत वाढते. पण एक युक्ती आहे. आकड्याच्या बरोबर खाली वस्तूला एक खिडकी ठेवायची. त्या खिडकीतून समोरच्या अर्ध्या साच्याचं पोलाद आत येतं आणि आकड्याची खालची बाजू तयार करतं. सरकणाऱ्या तुकड्याची गरजच राहत नाही. रिमोटच्या झाकणाच्या आकड्याशेजारी बऱ्याचदा एक निरुद्योगी भोक दिसतं ना? ते भोक निरुद्योगी नाही. तिथे कुणीतरी पैसे वाचवले आहेत.

आता माझी गोष्ट.

२००१ मध्ये मी नोकरी सोडली आणि भोसरीत एक जुनं मशीन घेऊन स्वतःचं शेड सुरू केलं. पाच वर्षं दुसऱ्यांच्या डायवर जॉबवर्क केलं. २००६ मध्ये पहिल्यांदा स्वतः डिझाइन केलेल्या क्लिपची मोठी ऑर्डर मिळाली. वाहनांचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, नाव राहू द्या. डायसाठी बँकेचं कर्ज काढलं. बँकेच्या वर जे लागलं, ते बायकोच्या पाटल्यांनी पुरवलं.

माझ्या जुन्या क्लिपची पट्टी ८ मिलिमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड होती, आणि बसताना टोक १ मिलिमीटर वाकायचं. ती चांगली चालत होती. या गिऱ्हाइकाकडे जागा कमी होती. ते म्हणाले, २ मिलिमीटर कमी करा. मी म्हटलं, त्यात काय? लांबी ६ केली, जाडी तीच ठेवली. आखूड आणि जाड, म्हणजे उलट जास्तच मजबूत होईल, असं मला वाटलं. ऑगस्टमध्ये नमुने काढले. दोन-तीन आठवडे ते टेबलावर पडून होते, मग गिऱ्हाइकाकडे गेले. त्यांनी बसवून पाहिले, ‘टक्’ झालं, मंजुरी मिळाली. आम्ही पेढे वाटले.

उत्पादन जानेवारीत सुरू झालं. घाई होती, त्यामुळे माल मशीनवरून निघाला की मोजून पिशवीत, आणि संध्याकाळच्या टेम्पोत. आमच्याकडे तपासणीला एक ताई होत्या. शिक्षण सातवी. पण वर्षभरात लाखो क्लिपा त्यांच्या बोटांखालून गेलेल्या. त्या मला म्हणाल्या, "साहेब, या क्लिपा पावसाळ्यातल्या नमुन्यासारख्या नाहीत. हाताला कडक लागतायत." मी काय म्हणालो? "ताई, डाय तीच, दाणा तोच, मशीन तेच. तुम्ही मोजा."

आठव्या दिवशी फोन आला. दहांतल्या तीन क्लिपा बसवताना मोडत होत्या. त्यांची लाइन थांबली होती. दोन दिवसांत ६०,००० क्लिपा परत आल्या. शेडमध्ये पिशव्यांची थप्पी लागली, चालायला जागा राहिली नाही. पुढच्या महिन्याचा हप्ता कुठून भरायचा, हे मला माहीत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, दहा दिवस देतो, नाहीतर डाय घेऊन जा.

मी दोन दिवस सगळ्यांवर संशय घेतला. दाणेवाल्यावर, ऑपरेटरवर, मशीनच्या तापमानावर. तिसऱ्या रात्री टूलरूमच्या दिवसांतला एक झेरॉक्सचा कागद सापडला. त्यावर एक छोटं सूत्र होतं. पट्टी वाकली की तिच्या मुळाशी प्लास्टिक किती ताणलं जातं, त्याचं. दीड गुणिले जाडी गुणिले वाकणं, भागिले लांबीचा वर्ग. बस्स. आठवीतल्या मुलाला जमेल असं गणित.

जुनी क्लिप: दीड गुणिले दीड गुणिले एक, भागिले ६४. साडेतीन टक्के. नवीन क्लिप: तेच वर, भागिले ३६. सव्वासहा टक्के. मी फक्त २ मिलिमीटर कापले होते, पण खाली वर्ग होता. ताणणं जवळजवळ दुप्पट झालं होतं.

सर, मला तुमचा आवाज ऐकू आला. "पायऱ्या लिही. उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्यांशिवाय गुण नाहीत." मला गणितात ४२ गुण होते. मी आयुष्यभर म्हणत आलो की त्या गुणांनी माझं काही अडलं नाही. त्या रात्री अडलं.

पण मग ऑगस्टमधले नमुने का मोडले नाहीत? त्याचं उत्तर ताईंच्या बोटांत होतं. पापड सादळला की काय होतं? कुरकुरीतपणा जातो, मऊ पडतो, मोडायच्या ऐवजी वाकतो. नायलॉनचं तसंच आहे. ते हवेतली ओल शोषून घेतं. नेहमीच्या हवेत राहिलं तर वजनाच्या साधारण अडीच टक्के पाणी त्यात मुरतं. मशीनमधून नुकतं निघालेलं नायलॉन पूर्ण कोरडं असतं, आणि कोरडं नायलॉन साधारण ४ टक्के ताणणं सोसतं. सादळलेलं सहा टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात तीन आठवडे टेबलावर पडलेले माझे नमुने सादळून लवचीक झाले होते, सव्वासहाच्या ओझ्याखाली कसेबसे तरले. जानेवारीच्या कोरड्या हवेत, मशीनवरून थेट पिशवीत गेलेला माल तरला नाही. केबल टाय बंद पिशवीत का विकतात, ते आता कळलं असेल. ओल टिकावी म्हणून.

यातली गंमत बघा. दाणे मशीनमध्ये घालण्याआधी मात्र ते काही तास तापवून खडखडीत वाळवावे लागतात. वितळताना ओल राहिली तर नायलॉनच्या साखळ्याच तुटतात, मालावर चंदेरी रेषा उमटतात, माल ठिसूळ होतो. म्हणजे आधी ओल नको, नंतर ओल हवी. जगात बऱ्याच गोष्टींचं असंच असतं, पण तो विषय आपल्या मराठीच्या बाईंचा.

आणि एक तिसरी चूक होती. पट्टी जिथे मुळाला मिळते, तिथला कोपरा मी काटकोनात ठेवला होता. दिसायला सुबक. कापडाच्या दुकानात गेलात तर दुकानदार काठावर कात्रीने एक छोटी चीर देतो आणि मग फक्त दोन हातांनी टरकन कापड फाडतो. सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी जमतो. माझा तीक्ष्ण कोपरा म्हणजे मीच देऊन ठेवलेली चीर. आपल्याला कार्यानुभवाच्या तासाला लाकडी चौकट करताना सर कोपरे कानशीने गोल करायला लावायचे. आम्हाला वाटायचं, हाताला टोचू नये म्हणून.

मग दुरुस्ती. लोक म्हणाले, जाड कर. सगळे तेच म्हणतात, मोडतंय ना, मग जाड कर. पण संक्रांतीला पतंग करणाऱ्यांना विचारा. कामटी तासून बारीक केली तर वाकते, जाड ठेवली तर मोडते. मी जाडी दीडवरून एकवर आणली. गणित केलं, पायऱ्या लिहून. सव्वाचार टक्क्यांच्या खाली आलं. शिवाय पट्टी मुळाकडून टोकाकडे निमुळती केली, त्याने ताण सगळ्या लांबीवर वाटला जातो आणि मुळाशी आणखी कमी होतो. मुळाला अर्ध्या मिलिमीटरचा गोलवा दिला. जाडी कमी केल्याने पकड ढिली होणार होती, म्हणून पट्टी रुंद केली. रुंदी वाढवली तर जोर वाढतो, ताणणं वाढत नाही. हे त्या सूत्रातच लिहिलेलं आहे, त्यात रुंदीचं नावच नाही. आणि माल पाठवण्याआधी गरम पाण्यात मुरवायचा, हा नियम केला.

सांगायला सोपं, करायला कठीण. पोलाद कापता येतं, पण वाढवता येत नाही. पट्टी बारीक करायची म्हणजे साच्यात पोलाद जास्त पाहिजे, म्हणजे तो तुकडा नवीनच करायला हवा. माझ्या जुन्या टूलरूमच्या दोन मित्रांनी रात्रपाळीनंतर थांबून तो करून दिला. पैशांचं नंतर बघू म्हणाले. नवव्या दिवशी नवीन नमुने निघाले. मशीनवरून काढलेला अगदी कोरडा नमुना मी आधी ताईंच्या हातात दिला. त्यांनी दोनदा बसवला, काढला, परत बसवला. म्हणाल्या, "आता बरं आहे." मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "राहू द्या साहेब, मोजू का?"

गिऱ्हाईक टिकलं. पाटल्या सोडवायला मात्र आणखी चार वर्षं लागली. परत आलेल्या ६०,००० पैकी एक पिशवी मी अजून ऑफिसच्या कपाटात ठेवली आहे. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला त्यातली एक क्लिप मोडायला देतो आणि कोपऱ्यात तडा कुठून सुरू झाला ते शोधायला लावतो. आणि ताईंनी "वेगळं लागतंय" म्हटलं की मशीन थांबतं, मग टेम्पो दारात उभा असला तरी. त्या आता निवृत्त झाल्या, नियम अजून चालू आहे.

इथे कुणीतरी विचारेल, प्लास्टिक वाईट ना? प्रश्न बरोबर आहे. फेकून द्यायच्या प्लास्टिकबद्दल मलाही वाईट वाटतं, पसरणी घाटातला कचरा मीही बघतो. क्लिपच्या बाजूने एवढंच सांगतो, की खळीने चिकटवलेली वस्तू दुरुस्त करता येत नाही, क्लिपने बसवलेली उघडता येते. बिघडलं तेवढं बदलता येतं, आणि शेवटी धातू वेगळा, प्लास्टिक वेगळं करता येतं. पुन्हा उघडण्याची सोय ठेवणं हा डिझाइनचाच भाग आहे.

आता शेवटचं, आणि खरं म्हणजे त्यासाठीच मी बोलायला उभा राहिलो. काल संध्याकाळी घाटावरून येताना शाळेत डोकावलो. मागची कार्यानुभवाची खोली आठवते? बाकाला लावलेले वाइस, भिंतीवर टांगलेल्या कानशी, रंध्याचा वास? त्या खोलीत आता मोडकी बाकं ठेवली आहेत आणि दाराला कुलूप आहे. कुणाला दोष देत नाही. आपणही इतकी वर्षं विचारलं नाही.

माझ्या शेडमध्ये डिप्लोमा झालेली मुलं येतात. संगणकावर सुंदर चित्र काढतात. पण काटकोनातला कोपरा तिथेच ठेवतात, कारण त्यांनी हाताने काही मोडलेलं नसतं. फूटपट्टी वाजवून मार खाल्लेला नसतो. ती खोली उघडायची, एवढी माझी मागणी आहे. माझं पहिलं हातमशीन, हाताने दांडा ओढून माल काढायचं, मी शाळेला देतो. सोबत दोन छोट्या डाय आणि पॉलिप्रॉपिलीनचे दाणे. महिन्यातला एक शनिवार मी स्वतः येईन. उरलेले शनिवार तुम्ही वाटून घ्या. आपल्यात वायरमन आहे, सुतारकाम करणारा आहे, शिवणकाम शिकवणारी मैत्रीण आहे, डॉक्टर तर आहेच, कुणाचं बोट कापलं तर लागेल. वाइस आणि कानशींसाठी वर्गणीचा कागद मागच्या टेबलावर ठेवला आहे. माझा आकडा मी लिहिला आहे. तो बघून कुणी घाबरू नका, आणि कुणी त्याच्यावर जायलाही लाजू नका.

खुर्चीवरची क्लिप घरी घेऊन जा. सर, तुम्हाला मात्र दोन दिल्या आहेत. एक बरोबरची आणि एक त्या ६०,००० मधली. दुसरी तुम्ही मोडून बघा आणि पायऱ्या तपासा. मला आता तरी पूर्ण गुण द्याल अशी आशा आहे.